अक्षरं, नावं, यंत्रं : मुधोळची काही टिपणं

पत्ता

मुधोळ निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्यातला तालुका होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला, म्हणजे आंध्र प्रदेशात आला. २ जून २०१४ला राज्य तेलंगण झालं. ११ ऑक्टोबर २०१६ला जिल्हा निर्मल झाला. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर नांदेड, वडिलांच्या दाखल्यावर आदिलाबाद आणि नातवाच्या दाखल्यावर निर्मल, असं एकाच घरात घडू शकतं. तिघंही जन्मले त्याच घरात.

माहितीचा साठा बांधणाऱ्याने जिल्ह्यासाठी एकच चौकट ठेवली की संगणक या तिघांना तीन गावचे ठरवतो. मग कुठेतरी अर्ज अडतो आणि माणूस प्रतिज्ञापत्र करायला नोटरीकडे जातो. यावरचा उपाय संगणकशास्त्रात जुना आहे. गावाची ओळख नावाने न ठेवता क्रमांकाने ठेवायची आणि जिल्ह्याच्या नावाशेजारी 'कधीपासून' व 'कधीपर्यंत' असे दोन रकाने द्यायचे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' प्रत्येक गावाला असा क्रमांक देते. अर्जाचे नमुने बनवणाऱ्यांनी तो वापरावा. जुन्या दाखल्यावरचं 'आदिलाबाद' चुकीचं नाही. त्या तारखेला तेच खरं होतं, आणि साठ्याने ते खरं धरलं पाहिजे.

दोन मुधोळ

नकाशावर 'मुधोळ' शोधलं की बऱ्याचदा कर्नाटकातलं मुधोळ आधी येतं. बागलकोट जिल्ह्यातलं, शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. शोधयंत्र जास्त विचारलं जाणारं नाव वर ठेवतं, म्हणून आमचं गाव खाली राहतं. इथे पिनकोड कामाला येतो. कर्नाटकातल्या मुधोळचा पिन ५८ने सुरू होतो, आमचा ५०ने. सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यात गेलं की ४३.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि तिचा आराखडा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचा. ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. एकसारखी गावनावं आणि पत्त्यांवरच्या वेगवेगळ्या लिप्या ही त्यांच्यापुढची अडचण होती. सहा आकड्यांनी ती सुटली. माहिती नीट लावण्याचं इतकं सुंदर काम घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी झालं. ऑनलाइन मागवलेली वस्तू आज आमच्या गल्लीत पोहोचते त्यात वेलणकरांचा वाटा आहे.

सातशे अडुसष्ट

संगणकातली माझी सगळ्यात आवडती संख्या ७६८.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरी 'क'चा २३२५, तेलुगू 'क'चा ३०९३. फरक ७६८. देवनागरी 'म' २३५०, तेलुगू 'म' ३११८. फरक ७६८. देवनागरी 'ळ' २३५५, तेलुगू 'ळ' ३१२३. पुन्हा ७६८. तेलुगूत ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' वेगळे आहेत, मराठीत नाहीत. तरी देवनागरीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी त्याच जागा राखलेल्या आहेत.

यामागे भारतातलं काम आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' हे तंत्र उभं केलं. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. विचार असा होता की ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, तर तिला एकच सांकेतिक तक्ता द्यावा आणि पडद्यावर हवी ती लिपी दाखवावी. त्यातून 'इस्की' हा तक्ता झाला. १९९१ला भारतीय मानक ब्युरोने त्याला मानकाचा दर्जा दिला. युनिकोडने आपले भारतीय लिप्यांचे तक्ते १९८८च्या इस्कीवरून बेतले, म्हणून प्रत्येक लिपीत अक्षर आपापल्या ठरलेल्या जागी बसलं.

याचा उपयोग घरी करता येतो. एक्सेल किंवा लिबरऑफिसच्या तक्त्यात 'युनिकोड' नावाचं सूत्र अक्षराचा क्रमांक देतं आणि 'युनिचार' क्रमांकाचं अक्षर. मध्ये ७६८ मिळवा, मराठी अक्षर तेलुगू होतं. वजा करा, तेलुगूचं मराठी. गावातल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी असा तक्ता करून ठेवला आहे. एका बाजूला बसच्या पाटीवरची तेलुगू अक्षरं, दुसऱ्या बाजूला देवनागरी. मुलं तो पाहून पाट्या वाचतात. भाषांतर त्यातून होत नाही, उच्चार मात्र हाती लागतो आणि सीमेवरच्या मुलाला सुरुवातीला तेवढं पुरतं.

एकच कळफलक

वरची गोष्ट कळफलकालाही लागू आहे. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ची. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. सगळ्या भारतीय लिप्यांना तीच मांडणी. इंग्रजी 'के'च्या कळेवर 'क', मराठीतही आणि तेलुगूतही. 'एन' शिफ्टसह दाबली की 'ळ', दोन्हीकडे.

'मुधोळ' लिहायला पाच कळा लागतात : सी, जी, शिफ्ट-ओ, ए, शिफ्ट-एन. भाषा तेलुगू निवडून याच पाच कळा दाबल्या तर गावाचं नाव तेलुगू लिपीत उमटतं. बोटांना एक शिकवलं की दोन भाषा येतात. सीमेवरच्या तालुक्याला यापेक्षा सोयीचं काय हवं?

विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड तिन्हींत हा कळफलक फुकट आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून भाषा मराठी जोडा, कळफलकांच्या यादीत तो दिसेल; मग विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलत राहायची. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची पद्धत सोपी वाटते, पण तिच्यात प्रत्येक शब्द आधी इंग्रजी स्पेलिंगमधून जातो. 'ण' की 'न', 'ळ' की 'ल', हे यंत्र अंदाजाने ठरवतं. इनस्क्रिप्टमध्ये ते तुम्ही ठरवता.

मुकी झालेली पानं

गावागावांत अशा फायली पडून आहेत : शाळेच्या स्मरणिका, देवस्थानाच्या वर्गणीच्या याद्या, भजनी मंडळांच्या वह्यांच्या टंकलिखित प्रती. कधीकाळी डीटीपीवाल्याकडे केलेल्या. आज उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो.

कारण असं, की त्या काळच्या बऱ्याच फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाइलमध्ये जपलेलं असतं इंग्रजी अक्षर. त्यावर मराठी आकार चढवतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की मजकूर गेला. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्येही उघडत नाही.

अशी फाइल हाती आली तर आधी फॉन्टचं नाव शोधावं. त्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरकं मिळतात. रूपांतर झाल्यावर पहिल्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत, चुका तिथेच राहतात. मूळ फाइल मात्र टाकू नये. आणि आज नवीन काही छापायला देताना छापखान्यात आवर्जून सांगावं : "दादा, युनिकोडमध्येच करा आणि फाइल मलाही द्या." पीडीएफ तर मागावीच, मूळ मजकुराची फाइलही मागावी.

पापणीतला र

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह द्यायचं. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. यादीत 'गोऱ्हे' आडनाव आहे आणि शोधल्यावर सापडत नाही, असं झालं तर हे एक कारण असू शकतं. घरात, शाळेत, कार्यालयात एकच पद्धत ठरवून घ्यावी. इनस्क्रिप्टवर पहिली पद्धत सरळ आहे : शिफ्ट-जे आणि नंतर डी.

यादीतला ळ

मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल ला लागून आहे. नुसत्या क्रमांकांवरून यादी लावली तर ळकारान्त नावं भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. शब्दसूची, ग्रंथालयाची यादी, हजेरीपट करताना क्रम लावण्याची भाषा मराठी निवडली आहे का हे पाहावं आणि शेवटी एकदा नजर फिरवावी.

नावाचे चार अवतार

इथल्या माणसाचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेलं असतं. तेलुगू भागात 'त' रोमन लिपीत टी-एच असा लिहितात, महाराष्ट्रात नुसता टी. त्यामुळे मुधोळची ज्योती निर्मलच्या कागदावर टी-एच लावून येते आणि सीमेपलीकडच्या धर्माबादच्या कागदावर नुसत्या टीने. लक्ष्मी कुठे के-एस-एच, कुठे एक्स. तेलुगू रिवाजात घराण्याचं नाव आधी येतं, तेही अनेकदा आद्याक्षरापुरतं. मराठीत आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. अर्जावर 'पहिलं नाव' आणि 'शेवटचं नाव' असे दोन रकाने दिसले की आमच्याकडे माणूस थांबून विचार करतो.

ही अडचण अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी आली होती. तिथे रॉबर्ट रसेल यांनी १९१८मध्ये 'साउंडेक्स' या पद्धतीचं पेटंट मिळवलं. नियम सोपे आहेत. पहिलं अक्षर ठेवायचं. स्वर, एच, डब्ल्यू आणि वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांत जवळच्या उच्चारांना एकच आकडा : बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एल ४, एम, एन ५, आर ६. लागोपाठ तोच आकडा आला तर एकदाच लिहायचा. आकडे तीनच ठेवायचे, कमी पडले तर शून्यं.

आमच्या नावांवर करून पाहावं. ज्योती टी-एच लावून लिहिली काय किंवा न लावता लिहिली काय, दोन्हींचा संकेत जे-३००. लक्ष्मीचे दोन्ही अवतार एल-२५०. गणपत आणि तेलुगू पद्धतीने लिहिलेला गणपती, दोन्ही जी-५१३. शिंदे आडनावातला एच सुटला तरी एस-५३०च. वाघमाऱ्यांना मात्र ही पद्धत न्याय देत नाही. डब्ल्यूने लिहिलं तर डब्ल्यू-२५६, व्हीने लिहिलं तर व्ही-२५६, कारण पहिलं अक्षर ती जसंच्या तसं ठेवते. आपल्याला डब्ल्यू आणि व्ही एक मानणारी, टी-एच आणि टी एक मानणारी, नावांचा क्रम उलटा असला तरी ओळखणारी पद्धत हवी. ती बांधणं अवघड नाही. शाळेत संगणक शिकणाऱ्या मुलांना प्रकल्प म्हणून हाच द्यावा. गावाच्या कामाचा आहे.

पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून आधारवरचं स्पेलिंग हेच माणसाचं नाव होऊन बसलं आहे. म्हणून मुलाच्या पहिल्या नोंदीच्या वेळी स्पेलिंग घरात बसून ठरवावं, कागदावर लिहून न्यावं आणि केंद्रावर पडद्यावर वाचून मगच हो म्हणावं.

कापूस, धूळ आणि पंखा

जवळच्या भैंशाचा बाजार कापसाचा. हंगामात गाड्या धावतात, जिनिंग चालू होतात आणि हवेत तंतू तरंगत असतात. लोक ज्याला 'सीपीयू' म्हणतात त्या डब्यातला पंखा ती हवा ओढतो. तंतू आणि धूळ मिळून उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर गोधडी तयार होते. उन्हाळ्यात बाहेर ४४ अंश असताना आतला प्रोसेसर शंभरीकडे जातो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालक म्हणतो, "मशीन म्हातारं झालं." बहुतेकदा ते फक्त गुदमरलेलं असतं.

साफ करताना वायर काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेच्या जोराने तो वेडावाकडा फिरला तर बेअरिंग खराब होते. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. डबा जमिनीवर ठेवू नये, वीतभर उंच ठेवला तरी धूळ पुष्कळ कमी जाते.

बॅटरी

यूपीएसमध्ये शिशाची बॅटरी असते. तिला २५ अंश मानवतात. त्यावर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला यूपीएस लवकर का मरतो, ते यावरून कळावं. तो खोलीत सगळ्यात खाली, सावलीच्या भिंतीला ठेवावा. प्रिंटर, त्यातही लेझर प्रिंटर, यूपीएसला जोडू नये. तापताना तो एकदम मोठा भार घेतो.

लॅपटॉपच्या किंवा फोनच्या बॅटरीला फुगवटा आला तर ती दाबू नये, टोचू नये आणि चार्ज करू नये. त्याच दिवशी काढून घ्यावी.

झिणझिण्या

धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की चार्जिंग चालू असताना झिणझिण्या येतात, अशी तक्रार नेहमी ऐकतो. चार्जरमधल्या गाळणीतून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूवर येतो आणि जमिनीत जायला वाट नसली की तो हाताला जाणवतो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडाने लावलेला असतो, किंवा घराला अर्थिंगच नसतं. प्रवाह लहान असला तरी त्याचा अर्थ मोठा आहे : घराचं अर्थिंग तपासा. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही.

तीन व्होल्टची गोळी

जुना संगणक चालू केला, इंटरनेट आलं, पण प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ 'धोका आहे' म्हणतं. अशा वेळी आधी तारीख पाहावी. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की संगणक तारीख विसरतो आणि काही वर्षं मागे जातो. संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. मागच्या तारखेला ते अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर अडतो. किराणा दुकानातही मिळणारी ही बॅटरी बदलली की प्रश्न मिटतो. यासाठी विंडोज पुन्हा टाकायचे पैसे कुणी देऊ नयेत.

एसएसडी

फिरत्या तबकडीची हार्डडिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवी ती जागा शोधून सुई तिथे नेईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडचं-तिकडचं वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम ८० ते १०० वेळा. विंडोज सुरू होताना नेमकं हेच करतं, हजारो बारीक फायली इथून तिथून उचलतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. ती असं वाचन सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून जुन्या मशीनवर पहिला खर्च एसएसडीचा, दुसरा रॅमचा. नवा संगणक घेण्याचा विचार त्यानंतर.

चौदा ऑक्टोबर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याला चालत नाहीत. गावातले कितीतरी संगणक या रेषेच्या अलीकडे आहेत. ते भंगारात घालायचं कारण नाही. लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर नीट चालतं, मराठी आणि तेलुगू दोन्ही दाखवतं, इनस्क्रिप्ट त्यात आहेच. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स मराठी चेहऱ्यासह मिळतात. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून केलेलं ते काम आहे.

दुकानासाठी बदल करायचा असेल तर आधी प्रिंटर आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र लिनक्सवर चालतं का ते पाहावं. घरासाठी, अभ्यासासाठी, लिखाणासाठी बेधडक बदलावं.

फोटो पाठवताना

दाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला की तो दाबला जातो. जेपेग ही १९९२ची पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे टाकून देते. चेहऱ्याला ते चालतं, अक्षरांच्या कडांना चालत नाही. दोन-तीनदा पुढे पाठवलं की ३ आणि ८ सारखे दिसायला लागतात. कागद पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. मूळ प्रत ३०० डीपीआयवर स्कॅन करून वेगळी ठेवावी आणि अर्जाला लागेल ती ५० केबीची लहान प्रत त्यावरून काढावी.

पोर्टलं बदलतात

तेलंगणात जमिनीच्या नोंदींसाठी २९ ऑक्टोबर २०२०ला 'धरणी' आलं. २०२५च्या एप्रिलमध्ये त्याच्या जागी 'भूभारती' आलं. पुढेही काही येईल. कागद तेलुगूत असतो, मराठी शेतकरी तो फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचतो. आशय कळायला ते ठीक आहे, पण यंत्र कधीकधी माणसाच्या नावाचंही भाषांतर करतं. नाव, सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे मूळ कागदावरूनच वाचावेत.

नोंद दिसली त्या दिवशीच पीडीएफ उतरवून घ्यावी, फाइलच्या नावात तारीख टाकावी, वर्ष आधी. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर : हा जुना नियम जमिनीच्या कागदांना सगळ्यात आधी लावावा.

मोडी आणि नस्तालीक

इथल्या जुन्या पेट्यांत मोडीतले कागद निघतात आणि निजामाच्या कारभारामुळे उर्दूतलेही. दोन्ही लिप्या संगणकाला अवघड गेल्या. उर्दूची नस्तालीक तिरपी उतरत जाते, अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१मध्ये सुमारे २० हजार जोडआकार काढून 'नूरी नस्तालीक' संगणकावर आणली. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४मध्ये, सातव्या आवृत्तीत. तिचे फॉन्ट आता फुकट मिळतात.

पेटीतला कागद वाचता येत नसला तरी आज त्याचा स्वच्छ फोटो काढता येतो. दिवसाच्या उजेडात, सावली न पाडता, शेजारी पट्टी ठेवून. वाचणारा माणूस किंवा यंत्र नंतर मिळेल. कागदाला वाळवी लागली की मग कुणीच काही करू शकत नाही.

बासर

मुधोळजवळच गोदाकाठी बासरचं सरस्वतीचं देऊळ आहे. लेकरांना अक्षराभ्यासासाठी दुरून तिथे आणतात. त्याच बासरला २००८मध्ये राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झालं. दहावीनंतर ग्रामीण मुलांना थेट सहा वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणात घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. सुरुवातीच्या मुलांच्या हातात लॅपटॉप दिले गेले. घरात पहिल्यांदाच संगणक पाहणारी मुलं त्यातून अभियंते झाली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटीने हेच काम गल्लीगल्लीत, लहान प्रमाणावर केलं.

या मुलांना माझी एक विनंती आहे. सुट्टीत गावी याल तेव्हा एक संध्याकाळ शाळेच्या संगणकखोलीत घालवा. बंद पडलेल्यातले बरेच संगणक धूळ, रॅमचा सैल बसलेला तुकडा किंवा ती तीन व्होल्टची गोळी यांमुळे बंद असतात.

पैसे घेताना पिन लागत नाही

यूपीआय २०१६मध्ये आलं. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावशीच्या पुढ्यातही आता चौकोनी खुणेचा कागद असतो. सांगावं असं एकच आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं : "मावशी, पैसे येताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार." फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या तासात केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

बोलून लिहिणं

गुगलचं बोलून लिहिणं २०१७च्या ऑगस्टपासून मराठीत आणि तेलुगूतही चालतं. ज्यांची बोटं कळफलकावर बसत नाहीत त्यांना ते वरदान आहे. पुस्तकी मराठी त्याला चांगली कळते. आमच्या बोलीत तेलुगू आणि दखनी शब्द सहज मिसळतात, तिथे ते अडखळतं. कारण उघड आहे : यंत्र शिकतं ते उपलब्ध मजकुरावरून आणि आवाजावरून, आणि आमच्या बाजूचं त्यात फार थोडं आहे. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली पानं त्याला दिसत नाहीत, रोमन अक्षरांतली मराठी त्याला अर्धीमुर्धी कळते. आम्ही जे युनिकोडमध्ये, देवनागरीत लिहून ठेवू तेवढंच पुढे मोजलं जाईल.

शेवटचं

या गावाला राज्यं बदलायची सवय आहे. कागदांवरची भाषा बदलते, पोर्टलं बदलतात, कंपन्या आपापल्या वस्तूंचा आधार काढून घेतात. त्यावर आपला ताबा नाही. पण आपण कोणत्या संकेतात लिहितो, फाइल कुठे ठेवतो, नाव कसं नोंदवतो आणि चालू शकणारं यंत्र फेकतो की उघडून पाहतो, हे आपल्या हातात आहे. वाचणाऱ्याने या आठवड्यात एवढं करावं : फोनमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू करावा, घरातल्या सगळ्यांचे दाखले स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवावेत, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला सांगायला बसवून गावाची माहिती दोन पानं देवनागरीत टंकून घ्यावी. कळफलक अवघड वाटला तर शेजारच्या शाळकरी पोराला विचारावं. त्याला येत नसेल तर दोघांनी मिळून शिकावं.